धुऱ्यावरची माती

अकोल्याहून फोन आला तेव्हा मी पालक निवडत होते. आषाढातली दुपार होती, घरातली माणसं आपापल्या कामाला गेलेली. विनायकरावांनी, म्हणजे माझ्या नणंदेच्या यजमानांनी, माझ्या नवऱ्याला सोडून मला फोन केला. "वहिनी, शैला गेली," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं, ते ऐकू येत होतं. फोन ठेवल्यावर मी काय केलं असेल? उरलेली जुडी निवडून संपवली. पानं वेगळी, देठ वेगळे, पिवळं बाजूला. आतल्या खोलीत सासूबाई झोपल्या होत्या. ऐंशी कधीच ओलांडलेल्या त्या बाईला तिची लेक गेली हे कोणत्या शब्दांत सांगायचं, ते जुडी संपेपर्यंत सुचेल असं वाटत होतं. सुचलं नाही. त्याच उठून बाहेर आल्या. परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अकोल्याचा फोन होता ना व?" मी मान हलवली. त्या भिंतीला धरून खाली बसल्या. रडल्या नाहीत. त्यांनी परातीतलं एक पान उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कुठलं आनलं?"

मला तेव्हा त्या प्रश्नाचा राग आला होता. लेक गेली आणि ही बाई पालकाचं गाव विचारून राहिली! पण आमच्या घरात गेली कित्येक वर्षं हाच प्रश्न विचारला जात होता, आणि तो शैलाताईंनीच आम्हाला शिकवला होता.

शैलाताई अकोल्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. आमचं घर अमरावतीचं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी माहेरच्या स्वयंपाकघरावर त्यांची नजर असायचीच. नणंद-भावजयींचं जे काही व्हायचं ते आमचंही झालं. पण आमचं भांडण कधी दागिन्यावरून किंवा मानपानावरून झालं नाही, झालं ते भाजीवरून. मी चांदूर बाजारची. आमच्याकडे बाजाराचा दिवस म्हणजे घरातला सणच. वडील मला लहानपणी सोबत न्यायचे आणि जुडी हातात देऊन विचारायचे, "सांग, ताजी हाय का?" वांग्याचा देठ कसा पाहायचा, भेंडी कुठे मोडून बघायची, मेथीत पाणी मारलंय हे बोटांना कसं कळतं, हे सगळं मी तिथे शिकले. सासरी आल्यावर भाजी मी आणायची हे आपोआप ठरून गेलं. माझ्यासारखी भाजी अख्ख्या गल्लीत कुणी आणत नाही, असं मला वाटायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं.

एकदा दिवाळीला आल्या असताना शैलाताई मला म्हणाल्या, "वहिनी, तुले एक काम सांगू का? मले भाजी आणून पाहिजे. पण ताईसाठी आणून राहिली असं मनात आणायचं नाही. उद्या सकाळी घरी हीच करायची आहे असं समजून आणायची. घासाघीस करायची, जुड्या खालीवर करायच्या, नेहमीसारखं सगळं."

"काहून? तुमच्या अकोल्यात भाजी नाही भेटत?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. शहरांतल्या नाल्यांच्या काठाला जी भाजी पिकते, तिच्यात शिसं, कॅडमियम असे जड धातू किती उतरतात, ते त्या तपासत होत्या. नाल्यात गावाचं सांडपाणी असतं, कुठे मुलामा देणाऱ्यांचं पाणी असतं, कुठे जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्यांचं. तेच पाणी मोटारीनं उचलून वाफ्याला दिलं जातं. कॉलेजातल्या मुलांना भाजी आणायला पाठवलं की ती हमखास मळकी, किडकी, उकिरड्याशेजारची जुडी घेऊन यायची. विष शोधायचं म्हणजे घाणीतच शोधायचं, असा त्यांचा समज. "मले तसली नको," ताई म्हणाल्या, "लोक हौसेनं विकत घेतात ती पाहिजे. आणि हौसेनं भाजी घेणारी बाई तुझ्याहून मोठी मले कुठे भेटणार?"

मी फुशारले. त्यानंतर कित्येक रविवार मी ताईंसाठी भाजी घेतली. ओल्या पंचात गुंडाळून पिशवी अकोल्याच्या एस.टी.त ओळखीच्या कंडक्टरकडे द्यायची, तिकडे स्टँडवर विनायकराव उतरवून घ्यायचे. एकदा ताई परगावी परीक्षेला गेल्या असताना विनायकरावांनी फ्रिजमधली मेथी पाहिली, बायकोनं आपल्यासाठीच ठेवलीय असं समजून छान लसूण घालून पातळ भाजी केली आणि भाकरीसोबत ओरपली. ताईंनी आल्यावर कपाळाला हात लावला. त्यांच्या नोंदीत त्या नमुन्यापुढे 'गहाळ' असं लिहावं लागलं. विनायकराव आजही म्हणतात, "गहाळ कुठं? हजम!" ताईंच्या तेराव्याला त्यांनी हाच किस्सा सांगितला आणि हसता हसता पंचा तोंडावर घेतला.

त्यांचं काम मी एकदाच जवळून पाहिलं. आणलेली भाजी त्या आधी तीन पाण्यांनी धुवायच्या. मी म्हटलं, ताई, घाण शोधायची तर धुता कशाला? तर म्हणाल्या, लोक धुऊनच खातात ना. मग ती वाळवायची, कुटून पूड करायची, आणि ती पूड आम्लात उकळत ठेवायची. एवढा हिरवागार पालक, पण शेवटी त्याचं नळाच्या पाण्यासारखं निवळशंख पाणी व्हायचं. एवढंसं पाणी बाटलीत भरून त्या दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेतल्या मशीनवर न्यायच्या. मला ते पाणी पाहून भीती वाटली होती. पालक दिसत नव्हता, शिसंही दिसत नव्हतं.

निकाल सांगायला त्या स्वतः अमरावतीला आल्या. मुलांनी आणलेली मळकी भाजी आणि मी आणलेली निवडक भाजी, दोन्ही त्यांनी तपासली होती. माझ्या भाजीत जास्त निघालं. पालकात तर असायला हवं त्याच्या कितीतरी वर. मी म्हटलं, "मशीन बिघडलं असन." त्यांनी दोनदा तपासलं होतं. मग मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला वाटलं, वडिलांनी हाताला धरून शिकवलेलं सगळं ही बाई एका बाटलीत उकळून टाकून राहिली. ताई शांतपणे म्हणाल्या, "चूक तुझी नाही, वहिनी. नाल्याच्या पाण्यात खतही भरपूर असते, म्हणून पान रुंद येते, गर्द हिरवं येते. तू सगळ्यांत चांगलं तेच उचललं. पानाले थोडंच निवडता येते... जे पाण्यातून येईल ते घेते बिचारं." तरी मी अबोला धरलाच. त्या परत निघाल्या तेव्हा डबासुद्धा दिला नाही.

पण दुसऱ्या रविवारी बाजारात उभी राहिले आणि हात गर्द हिरव्या जुडीकडे जाईना. माझ्या हातांना पहिल्यांदाच काही कळेनासं झालं होतं.

आमच्या घरी भाजी घेऊन येणारी कमलाबाई नाल्याकाठची पट्टी बटाईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करायची. तिच्या पालकाचाही निकाल आला होता. ताईंनी तो कधी वर्तमानपत्रात दिला नाही, कुठल्या भाषणात तिचा नाला ओळखू येईल असं सांगितलं नाही. त्या स्वतः चालत तिच्या वाफ्यावर गेल्या. मी सोबत होते. ताईंनी समजावलं, पालेभाजी सोड, पानात जास्त उतरते, त्यापेक्षा दोडका, भोपळा लाव, फळात कमी उतरते, नाहीतर झेंडू लाव. कमलाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, फुलं लोकं दसऱ्या-दिवाळीले घेतात. पोट तं रोजच लागते ना." वाफ्यातलं तण उपटत पुढे म्हणाली, "अन् आमी बी हेच खातो, बाई. लेकरं बी हेच खातात. तुमी आता आमच्या रक्ताची बी बाटली भरसान का?"   पुढे ताईंनी कुठून कुठून विनंत्या करून कमलाबाईला शेजारच्या एका विहिरीचं पाणी मिळवून दिलं. अर्ध्या पट्टीत दोडके लागले, अर्ध्या पट्टीत पालक राहिलाच. ताई म्हणायच्या, अर्धं तर अर्धं.

लोकांना पूर्ण उत्तर हवं असतं. ताई ते कधी देत नसत. भाषणाला बोलावलं की कुणीतरी उठून विचारायचं, मॅडम, मग पालक खायचा की नाही? त्या म्हणायच्या, या जागेवरच्या, या पाण्यावरच्या, मी तपासलेल्या भाजीत इतकं निघालं. एवढंच म्हणता येते. लोक वैतागायचे. मीही वैतागायची. घरात कुठलाही वाद निघाला की माझा मुलगा हात जोडून त्यांची नक्कल करायचा, "आत्या, एवढंच म्हणता येते!" त्यांनाही हसू यायचं. पण त्यांचं ते वाक्य हलायचं नाही.

आता जे सांगायचं आहे ते सासूबाईंचं. आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आई म्हणतो, ऋषिपंचमीच्या पक्क्या. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हा त्यांचा नेम. नांगरलेल्या जमिनीतलं नको, घाण्याचं तेल नको. पसईचा, म्हणजे न पेरता उगवलेल्या तांदळाचा भात, आणि ऋषीची भाजी, म्हणजे माठ, अळू, दोडका, काकडी, मक्याचं कणीस, चिंचेचा कोळ, सगळं एकत्र शिजवलेलं, फोडणीशिवाय. बिनबैलाची भाजी शहरात आणायची कुठून? तर नाल्याच्या उतारावरून. तिथे नांगर चालतच नाही. कमलाबाईच्या पट्टीखाली, अगदी पाण्याला लागून, आपोआप उगवलेला माठ आणि हाताएवढ्या पानांचं अळू असायचं. आईंना ती जागा कमलाबाईच्या सासूपासून ठाऊक. शैलाताई फ्रॉक घालत होत्या तेव्हापासून आईसोबत तिथे जायच्या, पानं खुडायच्या, आणि ते अळू त्यांच्या सगळ्यांत आवडीचं. आम्ही सगळ्यांनी ते खाल्लं आहे. मी तर चिंच जास्त घालून दोनदा वाढून घ्यायची.

ताईंनी अमरावतीच्या इतक्या भाज्या तपासल्या, पण आईच्या अळूला बरीच वर्षं हात लावला नाही. मी एकदा विचारलंही होतं. त्यांनी विषय बदलला. शेवटी एका पंचमीला त्यांनी आईंच्या टोपलीतली चार पानं गुपचूप पर्समध्ये घातली, ते मी पाहिलं. पुढच्या महिन्यात त्या आल्या त्या सरळ आईंच्या खोलीत गेल्या.

"आई, पुढच्या पंचमीले नाल्यावरची भाजी नको."

"काहून?"

"त्यात शिसं निघालं."

"शिसं म्हंजे? शिसपेनीतलं?" आई हसल्या. "ते तं तू लहानपणी कराकरा चावून खाये. काही झालं का तुले?"

ताईंनाही हसू आवरलं नाही. शिसपेनीत शिसं नसतंच, हे त्यांनी सांगून पाहिलं. आई ऐकेनात. ज्या जमिनीला बैलाचा पाय लागला नाही ती शुद्ध, हे त्यांनी त्यांच्या सासूकडून घेतलेलं. ताई म्हणाल्या, "बैलाचा नाही लागला, आई. पण सगळ्या गावाचा लागला ना."  आईंना पटलं नव्हतं, पण लेक शिकलेली आहे आणि खोटं बोलत नाही, इतकं त्या जाणून होत्या. जेवताना हळूच म्हणाल्या, "मंग माया ऋषीचं काय करू?"

ताई लगेच कामाला लागल्या. मागच्या अंगणात मातीच्या मोठ्या कुंड्या आणल्या. जुने निळे पिंप स्वस्तात मिळत होते, पण त्यात आधी काय भरलं होतं कोण जाणे, म्हणून नको म्हणाल्या. माझ्या भावानं चांदूर बाजारहून वावरातली काळी माती पोत्यात भरून पाठवली. ताईंनी ती तपासून घेतली, चांगली निघाली. आईंनी पोत्यात हात घातला, माती चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "वावरातली हाय ना? मंग याच्यावर बैल चालला असन." झालं! एवढी तपासलेली माती, पण आईंच्या परीक्षेत नापास. मी डोक्याला हात लावला. मला वाटलं आता ताई चिडतील. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला. पहिल्यांदाच दोघी मायलेकी एकाच प्रश्नावर आल्या होत्या, ही माती आली कुठून? ताईंनी तिथूनच माझ्या भावाला फोन लावला, "भाऊ, धुऱ्यावरची माती पाठवता का? जिथं नांगर लागत नाही तिथली." दोन वावरांच्या मधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. भाऊ हसून हसून थकला, पण त्यानं पाठवली. तीही तपासली गेली. मग आईंनी खुरप्यानं स्वतः अळूचे कांदे लावले. त्या भाद्रपदात आमच्या अंगणातलं अळू आईंच्याही कसोटीला उतरलं आणि ताईंच्याही.

त्याच सुमारास ताईंचे पाय सुजायला लागले.

आधी वाटलं, वर्गात उभं राहून. मग किडन्या निकामी होत चालल्याचं कळलं. पुढे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डायलिसिस; एकदोनदा दवाखान्यात मीही सोबत गेले, डॉक्टरांशी बोलले. अकोल्याच्या उन्हात त्या डोक्यावर पदर घेऊन जायच्या आणि येताना रस्त्यातली भाजीची दुकानं पाहत यायच्या. कॅडमियम किडनीत साठतं, हे त्यांनीच आम्हाला कधीकाळी सांगितलेलं. त्यामुळे बातमी कळल्याबरोबर नातेवाइकांनी निकाल लावून टाकला. भाजीवर काम करणारी बाई भाजीनंच... एका ओळखीच्या पत्रकारानं तर तसं छापायचंच ठरवलं होतं. ताईंनी त्याला घरी बोलावून खडसावलं. "मले वर्षानुवर्षं बीपी आहे. गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या मी शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या. भाजीही खाल्ली. यातलं कशानं झालं ते कोणालेच सांगता येत नाही. एका माणसावरून काही ठरत नसते. तुम्ही हे छापलं तर माझ्या सगळ्या कामावर पाणी पडेल." तो गेल्यावर मला म्हणाल्या, "वहिनी, मी गेल्यावरही कोणाले असं म्हणू देऊ नको." मी हो म्हटलं. म्हणून या लेखातही ते म्हणत नाही. मला वाटतं काय, ते माझ्यापाशी.

पण मी त्यांना तेव्हाच विचारलं, "अन् आईंनी विचारलं तर?" त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. 

आई विचारणारच होत्या. घरात बोललं जाणारं त्यांच्या कानावर पडत होतं. ज्या भाजीत शिसं निघालं ती आपणच खुडली, आपणच शिजवली, लेकीला आवडते म्हणून तिच्या पानात जास्त वाढली... हे त्यांनी मनात लावून घेतलं. रात्री झोप नाही, जेवण नाही. मी ताईंना फोनवर सांगायची, एकदा त्यांना नाही म्हणून टाका हो, त्यांचा जीव तरी मोकळा होईल. ताई म्हणायच्या, "मले माहीत नाही, वहिनी. माहीत नसताना नाही कसं म्हणू? अन् तिले कळते, मी कधी खोटं बोलते ते. लहानपणापासून कळते."

गेल्या वर्षीच्या पंचमीला ताई आल्या. ती त्यांची शेवटची. हाताला डायलिसिसच्या सुयांचे निळे डाग, चेहरा उतरलेला. डॉक्टरांनी पालेभाज्या बंद केलेल्या. या आजारात त्या चालत नाहीत. आईंनी पाटावर बसून ऋषीची भाजी केली होती, पण कुणाला वाढेनात. पातेल्यावर झाकण ठेवून नुसत्या बसल्या होत्या. ताई समोर येऊन बसल्या तशा म्हणाल्या, "शैले, खरं सांग. माया हातच्यानं झालं का हे?"

मी तिथेच उभी होते. मला वाटलं, आता तरी ताई नाही म्हणतील. कोण अडवत होतं?  ताईंनी बाजूचं रिकामं ताट घेतलं आणि पुढे केलं. "वाढ," म्हणाल्या, "चिंच जास्त घातली ना?" मी मध्ये पडले, ताई, डॉक्टर काय म्हणाले ते... त्यांनी हातानंच मला थांबवलं. आईंनी दोन चमचे वाढलं. ताईंनी ते पसईच्या भातात कालवून सावकाश खाल्लं, बोटं चाटली. आई शेवटच्या घासापर्यंत लेकीच्या तोंडाकडे बघत होत्या.  संध्याकाळी आई बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या.

आणि या आषाढात ताई गेल्या.

लग्न झालेल्या मुलीचं सुतक माहेरी तीन दिवसांचं. गुरुजींनी तसं सांगितलं तेव्हा आई म्हणाल्या, "माया पोटची हाय, अन् तीन दिवस?" पण शास्त्रापुढे काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी घर रीतीप्रमाणे मोकळं झालं, आई मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीच थांबू लागल्या. या वयातही रोज कणीक मळणारी, डाळ घोटणारी बाई, पण कशालाच हात लावीना. नातवानं पाणी मागितलं तर म्हणायच्या, "मम्मीले माग." एकदा मी मुद्दाम म्हटलं, आई, वरणाला तुमच्या हातचं मीठ घाला ना. त्या म्हणाल्या, "माया हातचं नका खाऊ कोनी." इतकं साधेपणानं म्हणाल्या की मला रडू फुटलं.

असे कित्येक आठवडे गेले. कुंड्यांतलं अळू मात्र यंदा कुणी लक्ष न देताही भरभरून आलं. ऋषिपंचमी जवळ आली तसा मी विचार करत होते, यंदा नेम मोडणार. पंचमीच्या सकाळी उठून मागे गेले तर आई कुंड्यांपाशी उकिडव्या बसून पानं खुडत होत्या. त्यांनी ती आणली, तीन पाण्यांनी धुतली. ताईंनी सांगितलं होतं त्यांना, आतलं काही धुऊन जात नाही, वरची धूळ तेवढी जाते. तरी तीन पाणी. तिसरं पाणी परत कुंडीत ओतलं. चूल त्यांनीच पेटवली, भाजी शिजली, पातेलं उतरवलं, आणि मग त्यावर झाकण ठेवून त्या तशाच बसून राहिल्या. गेल्या वर्षीसारख्या.

मी जवळ जाऊन बसले. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नंदा, तू त्या दवाखान्यात संग होती. डॉक्टरशी बोलली. तूच सांग. भाजीनंच गेली ना ते?"

मी काही ताई नाही. मला माहीत नसलं तरी नाही म्हणता येतं. "नाही, आई," मी म्हटलं, "भाजीचा काही संबंध नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं."

आईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "ते कधी नाही म्हनली नाही," त्या म्हणाल्या, "एवढी शिकेल पोरगी, तिले नाही म्हनता आलं नाही. अन् तू म्हनून राहिली."

 बाहेर गल्लीत गणपतीची आरती चालू होती, टाळ वाजत होते. पातेल्याच्या झाकणावर वाफेचे थेंब जमून ओघळत होते. मी मांडणीवरून ताट काढलं, तेच, कडेला पोचा आलेलं, ताई आल्या की नेहमी मागून घ्यायच्या ते, आणि आईंच्या पुढे धरलं.

"वाढा, आई."

त्या हलल्या नाहीत. माझा हात अवघडला, तरी मी ताट मागे घेतलं नाही. मग त्यांनी झाकण काढलं. एक पळी, मग थोडं थांबून आणखी एक. मी भातात कालवलं आणि घास घेतला. चिंच फार झाली होती, मीठ घालायचं राहिलं होतं, आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, घास घशाखाली उतरेपर्यंत.

"आंबट झाली का व?" त्यांनी विचारलं.

"झाली थोडी," मी म्हटलं.

"तिले तशीच लागे," आई म्हणाल्या, आणि मिठाची वाटी जवळ ओढून त्यांनी माझ्या ताटात चिमूटभर मीठ घातलं.